एका विटेची भिंत

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आजपासून नोंद ठेवणार. तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो. काम कुठलंही असो, आधी तारीख, मग साहित्य, मग निरीक्षण, हे अंगात मुरलं आहे. निष्कर्ष काढायचं काम सरांचं, नळ्या धुवायचं माझं.

विषय असा: घराला आतून अस्तर लावणे. लेक बाळाला घेऊन तेरा डिसेंबरला येते आहे, दोन महिने राहायला. बाळंतपणासाठी ही गेला महिनाभर तिच्याकडेच आहे, त्यामुळे घरात मी आणि माझे चार तापमापक. निवृत्तीच्या दिवशी हेडमास्तरांनी घड्याळ दिलं, तापमापक मी आपले मागून घेतले. ही परत येईल तेव्हा घर ऊबदार असलं पाहिजे. कोणाला सांगणार नाही. वीस वर्षं ऐकतोय की या घरात हिवाळ्यात माणसाचं थिजलेलं तूप होतं.

घर आईचं. मोठा एकच दिवाणखाना होता, त्याच्या मधोमध सोळा वर्षांपूर्वी भिंत घातली. अलीकडे आम्ही, पलीकडे तो. तो म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, टेलर, लग्न केलं नाही. या वहीत मी त्याला दादा म्हणणार नाही. आई गेली तेव्हा मी बढतीच्या परीक्षेला परगावी होतो आणि त्याने मला दोन दिवसांनी फोन केला. शेवटचं तोंडही दिसलं नाही. म्हणे आईनेच सांगितलं होतं, पेपर होऊ दे त्याचा. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं. त्या महिन्यातच भिंत घातली आणि बोलणं संपलं.

वाटणीत लोखंडी शेगडी आमच्याकडे आली, कारण धुराडं आमच्या बाजूच्या छतातून जातं. त्याला मोठी खिडकी मिळाली. भिंत एका विटेचीच घालायची हा हट्ट त्याचा. मी म्हटलं होतं चांगली जाड घालू. पण त्याचा चिक्कूपणा विटांतही. वर छपराशी वीतभर फटही तशीच सोडली. परिणामी त्याचं खोकणं, भांडं, शिलाई मशीन, सगळं आम्हाला फुकट ऐकू येतं.

निरीक्षण, सकाळी आठ: खोली पंधरा अंश. बाहेरची भिंत नऊ. मधली भिंत तेरा.

करडा कोट कपाटात सापडत नाही. फोनवर हिला विचारलं तर म्हणाली, येईल वेळेवर, घाई करू नका. कोट काय पायांनी येणार आहे?

१७ नोव्हेंबर, सोमवार

सुतार येऊन घर बघून गेला. पन्नाशीचा आहे, माझ्याच शाळेचा विद्यार्थी निघाला. मला सर म्हणतो. मी सर नव्हतो, हे मी त्याला सांगितलं नाही.

त्याने माळ्यावर चढून बघितलं, भिंतींवर हात ठेवला, खिडकीपाशी उदबत्ती धरून धूर कुठे वळतो ते पाहिलं. माळ्यावर काचलोकर, म्हणजे काचेच्या तंतूंची गादी, अंथरायची, बाहेरच्या भिंतीला लाकडी पट्ट्या ठोकून मध्ये तीच काचलोकर आणि वरून फळ्या, खिडक्यांना रबराची पट्टी. मधल्या भिंतीला काही करायचं नाही, ती घरातलीच आहे, म्हणाला.

याला तो अस्तरच म्हणतो. पलीकडचा टेलरही हाच शब्द वापरायचा. गिऱ्हाइकांना सांगायचा, अस्तर दिसत नाही, पण कोट अस्तरावर उभा असतो. ते उगाच आठवलं.

सुताराला माझा एक प्रयोग पक्का लक्षात आहे. सळईला मेणाने टाचण्या चिकटवायच्या आणि एक टोक तापवायचं. ऊब सरकते तशा टाचण्या एकेक करून पडतात. "शेवटची टाचणी पडायची वाट बघत सगळा वर्ग गप्प बसायचा, सर," तो म्हणाला. मला बरं वाटलं. मेण मीच लावायचो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

हिचा फोन. बाळ, बाळाचं वजन, बाळाची शी, या क्रमाने बातम्या. मग नेहमीचं शेपूट: जरा दादांकडे डोकावून या. मी निघाले तेव्हा त्यांचा हीटर बिघडला होता.

मी म्हटलं, हात आहेत ना त्याला, दुरुस्त करेल. मग विषय बदलला.

सोळा वर्षं ही आणि लेक त्याच्याशी बोलतात, वाटीभर काहीबाही नेऊन देतात, आणि मला ते माहीत नाही असं आम्ही सगळेच धरून चालतो. माझा आणि त्याचा व्यवहार एकच, तो म्हणजे दूध. आमचं दूध उतू जायला लागलं की वरच्या फटीतून त्याला वास जातो आणि तो भिंतीवर तीनदा ठोकतो. ही जिथे असेल तिथून "आले, दादा" म्हणत स्वयंपाकघराकडे धावते. ही नसताना आता मला धावावं लागतं. मी काही म्हणत नाही, नुसता धावतो. महिन्याभरात चारदा झालं. नाक आहे की काय आहे.

सध्या त्याची मशीन दिवसभर चालू असते. या वयात कोणाचं काम घेतलंय कोण जाणे. मध्येच थांबते, खोकतो, पुन्हा चालू होते.

मधली भिंत: बारा.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

माळ्याचं काम झालं. काचलोकर दिसते गाईच्या वासरासारखी मऊ आणि चावते मुंग्यांसारखी. सुताराने आधीच सांगितलं होतं, पूर्ण बाह्या घाला, हातमोजे घाला. मी अतिशहाणा, अर्ध्या बाह्यांनी वर गेलो. आता दोन्ही हात खाजवत लिहितो आहे. कोट असता तर तो घालून गेलो असतो.

मशीन शनिवारपासून बंद आहे. काम संपलं असावं. खोकला मात्र चालू आहे, खोलातला. त्याच्या हीटरची टिकटिकही ऐकू येत नाही. आधी चालू करताना आणि बंद करताना एक टिक यायची.

सात वाजता तो चहाचं भांडं ओट्यावर ठेवतो, तो आवाज होतो आणि मग मी उठतो. हा नुसता योगायोग आहे. माझ्याकडे हेडमास्तरांचं घड्याळ आहे. आज भांडं आठला वाजलं, म्हणून मी आठला उठलो.

मधली भिंत: अकरा.

२९ नोव्हेंबर, शनिवार

बाहेरची भिंत आणि खिडक्या झाल्या. खोली एकोणीस अंश! त्याच शेगडीत, तेवढ्याच लाकडात. बनियनवर बसून वर्तमानपत्र वाचलं. आईच्या काळात या खोलीत पाणी प्यायचं तर आधी तांब्या कुशीत घ्यावा लागे.

पण मधली भिंत नऊवर आली आहे. बाहेरच्या भिंतीला अस्तर लागलं, आता खोलीतली सगळ्यात गार जागा तीच. हात ठेवला तर आत गेल्यासारखा वाटतो. मी बसून हिशेब मांडला. एका बाजूला एकोणीस अंश असताना भिंत नऊ असेल, तर पलीकडची खोली किती गार असली पाहिजे? याचा अर्थ त्याने स्वतःकडे काही पेटवणंच बंद केलं आहे. बिघडलेला हीटर दुरुस्त करायचा नाही, नवा आणायचा नाही, आणि भावाच्या शेगडीवर शेकत बसायचं. लाकडं मी आणायची, राख मी काढायची, निम्मी ऊब त्याने न्यायची. आयत्या बिळावर नागोबा.

आणि बाळाचा पाळणा नेमका त्या भिंतीशीच येणार आहे, दुसरीकडे जागाच नाही.

काचलोकरीचे दोन गठ्ठे उरले आहेत. फळ्याही उरल्या आहेत.

२ डिसेंबर, मंगळवार

सुताराला सांगितलं, मधली भिंतही करून टाक, वरच्या फटीसकट. त्याने पेन्सिल कानामागे ठेवली. मग म्हणाला, "सर, थंडी तिकडून येत नाहीये. तुमची ऊब तिकडे जातेय."

"तेच तर थांबवायचंय."

"तिकडे कोण राहतं?"

राहतो एक म्हातारा, असं मी सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. गावात सगळ्यांना माहीत आहे तिकडे कोण राहतं, त्यालाही असणार. मग मी पाळण्याचं सांगितलं. तान्ह्या बाळाच्या डोक्याशी नऊ अंशांची भिंत कशी चालेल? त्यावर तो टेप काढून भिंत मोजायला लागला. बाळापुढे कोणाचं चालत नाही, आणि बाळाचं नाव मी पुढे केलं हे खरं आहे. इथे लपवून काय मिळणार? बाळाचा पाळणा मला खिडकीपाशीही ठेवता आला असता. तिथली भिंत आता सोळा आहे.

४ डिसेंबर, गुरुवार

भिंत झाली. सकाळी नऊला पट्ट्या ठोकायला सुरुवात केली, तीनपर्यंत फळ्या बसल्या. शेवटी फट राहिली होती. सुतार शिडीवर चढून तिच्यात काचलोकर कोंबत होता, मी खालून तुकडे देत होतो. तेवढ्यात पलीकडून ठोकल्याचा आवाज आला. सुताराने हात थांबवला. थोड्या वेळाने पुन्हा तीनदा आवाज झाला. जोर असा नव्हताच.

"सर, ते काहीतरी म्हणताहेत."

मी म्हटलं, हातोड्याचा त्रास होत असेल, होऊ दे. बोलायचं असेल तर त्याला दार आहे.

सुतार म्हणाला, मी जाऊन बघून येऊ का. मी नको म्हणालो. त्याने उरलेला तुकडा कोंबला, वरची फळी बसवली, आणि आवाज बंद झाला. त्याचा आणि आमचा दोघांचाही.

मग स्वयंपाकघरात गेलो तर दूध गॅसवर उतू जाऊन खाली पसरलेलं. दुपारच्या चहाला ठेवलेलं मी विसरलोच होतो. म्हणजे ते ठोकणं दुधाचं होतं. मला हसू आलं. एवढा खोकला, एवढी धूळ, आणि म्हाताऱ्याचं नाक अजून शाबूत.

खोली: एकवीस. मधल्या भिंतीचं तापमान आता घेता येत नाही, तापमापकाचा गोळा लावायला जागाच राहिली नाही.

६ डिसेंबर, शनिवार

शांतता उत्तम आहे. खोकला नाही, भांडं नाही, काही नाही. खोली बावीस.

दोन्ही दिवस उठायला साडेनऊ झाले. चहा एकट्याचाच करायचा तर कधीही केला तरी चालतो. घड्याळ समोरच आहे, पण ते काही बोलत नाही.

८ डिसेंबर, सोमवार

दूध उतू गेलं, वर भांडं करपलं. मी शेजारच्या खोलीत पाळण्याचे स्क्रू आवळत होतो, काही कळलं नाही. घरभर वास. दुपारभर भांडं घासलं.

हिचा फोन आला. पलीकडे दिवा दिसतो का, म्हणाली. मी म्हटलं, बघितला नाही. बघा की, म्हणाली. मी म्हटलं, घर बघितल्यावर तू थक्क होशील. कशाने, म्हणाली. ते आल्यावर कळेल, असं सांगून फोन ठेवला. दिव्याचं राहूनच गेलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

उद्या येतात. गाद्या उन्हात टाकल्या, पाळणा भिंतीशी लावला, पाळण्यात तापमापक ठेवला: एकवीस.

सकाळी दूधवाला म्हणाला, पलीकडच्यांनी काल दार उघडलं नाही, आजही नाही. तुमच्याकडे ठेवून जाऊ का त्यांचं? मी म्हटलं, कुठे गेला असेल. दूधवाला म्हणाला, ते कुठे जातात कधी? दूध मी ठेवून घेतलं.

दुपारी ते घेऊन अंगणातून त्याच्या दारापर्यंत गेलो. सोळा वर्षांत पहिल्यांदा. दाराचा रंग पार उडालाय. पायरीवर उभा राहिलो. हाक कशी मारायची तेच सुचेना. दादा म्हणायचं तर सोळा वर्षांचं काय करायचं, आणि दुसरं काही कधी म्हटलेलंच नाही. मग वाटलं, उद्या लेक येतेच आहे, ती आल्या आल्या काकांकडे धावणार, तीच विचारेल. परत आलो. दूध तापवून ठेवलं आहे, दोन भांड्यांत.

१६ डिसेंबर, मंगळवार

लिहायला हवं. ज्या वहीत बाकीचं लिहिलं, तिच्यातच हेही लिहायला हवं.

शनिवारी सकाळी अकराला दोघी आल्या. लेकीने खोलीत पाऊल टाकलं आणि म्हणाली, बाबा, केवढी ऊब आहे. ही भिंतींना हात लावत फिरली. मी एकेक दाखवत होतो, माळा, खिडक्या. मधल्या भिंतीपाशी आल्यावर हिने फळीवर बोटं टेकवली आणि विचारलं, हीसुद्धा? मी हो म्हणालो. ती वर फटीकडे बघत राहिली.

लेक बाळाला शालीत गुंडाळून पलीकडे गेली होती. ती परत आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "बाबा, काका दार उघडत नाहीत."

सुताराला बोलावलं. त्याने कडी काढली. आधी तो आत गेला, मग मी.

खाट खिडकीपाशी नव्हती. ती त्याने ओढून मधल्या भिंतीला चिकटवली होती, फरशीवर पायांचे ओरखडे होते. तो भिंतीला पाठ टेकून कुशीवर झोपला होता, जितकं टेकता येईल तितकं. अंगावर होती नव्हती ती सगळी पांघरुणं, वर गिऱ्हाइकांच्या कापडाची चिंधकं. भिंतीचा रंग त्या जागी पाठीने घासून गुळगुळीत झाला होता. म्हणजे खाट काही आठ दिवसांत तिथे आली नव्हती, हा हिवाळ्यांचा नेम असणार.

हीटर टेबलावर उघडून ठेवला होता. स्क्रू एका बशीत, चष्मा शेजारी. आणि मशीनच्या वर खिळ्याला माझा करडा कोट हँगरवर टांगलेला. आतून नवं अस्तर, जाड, लोकरीचं. गुंड्याही नव्या. इस्त्री केलेला. मशीन शनिवारपासून बंद आहे असं मी पंचवीस तारखेला लिहिलं आहे. म्हणजे बावीसला कोट पुरा झाला होता आणि त्यानंतर एकोणीस दिवस तो त्याच्या डोळ्यांसमोर टांगलेला होता. त्याने तो घातला नाही. दुसऱ्याचा कपडा तो कधी अंगाला लावत नसे, गिऱ्हाइकाचा तर नाहीच.

माझ्या खिशात तापमापक होता, पाळण्यातला. मी तो त्याच्या उशाशी ठेवला. का ठेवला ते सांगता येत नाही, हाताला तीच सवय. सहा अंश.

डॉक्टर म्हणाले, छातीत कफ साठला होता, हृदयही थकलेलं, वय एकाहत्तर. दोन दिवस झाले असावेत. थंडीने का, असं मी विचारलं. ते म्हणाले, एकाच गोष्टीने असं सांगता येत नाही, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते भले गृहस्थ आहेत. पण मी वहीत आकडे लिहिले आहेत. तेरा, बारा, अकरा, नऊ, आणि मग काही नाही. शाळेतल्या कुठल्याही पोराने निष्कर्ष काढला असता.

दोन दिवस. मलाही दोन दिवस उशिरा कळलं. यावेळी तर मध्ये फक्त एक वीट होती.

२१ डिसेंबर, रविवार

लेक माझ्याशी बोलते, जेवायला वाढते, औषधाची आठवण करते. बाळाला मात्र तिने आतल्या खोलीत झोपवलं आहे. पाळणा रिकामा आहे.

आज ही भांडी पुसत होती. मी म्हटलं, तू तरी मला बोल. सुतार बोलला नाही, लेक बोलत नाही.

ती म्हणाली, बोलून काय होणार आहे? मग हातातलं फडकं ठेवून बसली आणि म्हणाली, "भिंत घालायच्या वेळी गवंडी दादांना विचारायला आला होता, मी तिथेच होते. ते म्हणाले, शेगडी त्यांच्याकडे राहू दे, पोरगी लहान आहे, तिला अभ्यासाला बसायचं असतं. भिंत फक्त एका विटेची घाल. मला तेवढी ऊब पुरते."

मला हे सोळा वर्षं का नाही सांगितलंस, मी म्हटलं.

"तुम्ही विटा मोजत होतात," ती म्हणाली.

कोटाचंही सांगितलं. जाताना तीच देऊन आली होती. अस्तर फाटलंय म्हणून नुसतं शिवून द्या, म्हणाली होती. नवं घालायचं त्याने ठरवलं. त्याला थंडी फार वाजते, लहानपणापासून, असं म्हणाला होता. मला, म्हणजे.

आईने पेपरचं खरंच सांगितलं असेल. आता विचारायचं कोणाला.

२८ डिसेंबर, रविवार

सुतार काल फळ्या काढायला आला, त्याला मी शिडी धरायला लावली आणि फळ्या स्वतः काढल्या. काचलोकर हातमोज्यांशिवाय उपसली. हात अजून चावताहेत, चावू देत. फट मोकळी केली. सुतार म्हणाला, सर, आता सगळी भिंतच काढून टाकू, पुन्हा एक खोली होईल. लेकीलाही ते पटलं. मी नको म्हणालो. भिंत राहू दे. ती एका विटेची का होती, एवढं मला उशिरा कळलं आहे.

आज सकाळी शेगडी चांगली पेटवली आणि पलीकडे गेलो. दार उघडताना हाक आली तोंडात. दादा म्हणालो, मोठ्याने म्हणालो, रिकाम्या खोलीत. काही अवघड नव्हतं.

कोट अजून खिळ्यालाच होता. तो काढून घातला. माप बरोबर आहे, खांद्यात जरासुद्धा ओढत नाही. सोळा वर्षांत त्याने माझं माप घेतलेलं नाही, तरी पोटाशी दोन बोटं वाढवली आहेत. मग दादाच्या खाटेवर बसलो आणि त्याची पाठ असायची तिथे पाठ टेकवली. उशाशी तापमापक ठेवला. नऊ होते. तासाभराने अकरा. दुपारपर्यंत तेरा झाले. नुसत्या एका विटेतून येते तेवढी. श्रीमंती नाही, पण माणूस तगतो तेवढ्यात.

अलीकडचे आवाज तिकडून किती स्वच्छ ऐकू येतात, हे मला माहीत नव्हतं. बाळ रडलं, लेकीने त्याला घेतलं, हिच्या हातून चमचा पडला. माझी खुर्ची सरकते तेव्हा, मी फोनवर बोलतो तेव्हा, सगळं असंच येत असणार. हीटर दुरुस्त करेल तो, हात आहेत त्याला, हेही आलं असणार.

डोळे मिटून बसलो होतो आणि वरच्या फटीतून वास आला. दूध. तिकडे कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नव्हतं. मी वळलो आणि भिंतीवर तीनदा ठोकलं.

"आले, दादा," ही पलीकडून म्हणाली, आणि तिची धावती पावलं मध्येच थांबली.

दूध उतू गेल्याचा आवाज आला. भांडं उतरवायला कोणी गेलं नाही.